अर्धवट बांधलेली गाडी शेडमध्ये उभी असताना आणि ट्रकवर चढल्यावर तिचा विमा कसा काढतात?

समजा, परळी वैजनाथमध्ये एका घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जीप उभी आहे. उभी म्हणजे काय, तर चार लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेली. चेसिस जुनं आहे. इंजिन दुरुस्त होऊन आलंय, पण अजून बसवलेलं नाही, शेजारी जुन्या टायरवर ठेवलंय. गिअरबॉक्स गोणपाटाखाली आहे. जुन्या जीपच्या बाजारासाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या हरियाणातल्या मंडी डबवालीहून नवी बॉडी मागवली, ती भिंतीला टेकवून ठेवलीय. दोन-तीन वर्षांची बचत मिळून चार लाख रुपये यात गेलेत. आता हा सगळा पसारा ट्रकवर टाकून वायरिंग आणि रंगकामासाठी छत्रपती संभाजीनगरला न्यायचाय.

मालक विमा एजंटला फोन लावतो. एजंटचा पहिला प्रश्न असतो, "गाडीचा नंबर काय?"

नंबर नाही. पासिंग झालेलं नाही, आरसी बुक नाही. एजंट म्हणतो, मग इन्शुरन्स निघणार नाही. फोन संपतो.

एजंटचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. अशा गाडीचा *मोटार* विमा निघत नाही. पण विमाच निघत नाही असं मात्र नाही. विमा कंपनीच्या लेखी ही अजून गाडी नाहीच, हा माल आहे. आणि मालाचा विमा निघतो, फक्त दुसऱ्या खिडकीवर.

आपल्याकडे 'किट कार' असते तरी का?

किट कार म्हणजे सुट्या भागांच्या पेटाऱ्यातून घरी जोडायची गाडी. ही कल्पना इंग्लंडात रुजली. १९५७मध्ये आलेली लोटस सेव्हन ही गाडी किटच्या रूपात विकली जायची, कारण तयार गाडीवर तिथे खरेदी कर लागायचा आणि सुट्या भागांवर तो वाचायचा. तिथे आजही अशा गाड्या बांधणारे हौशी लोक आहेत, त्यांच्या गाड्यांची एकेक करून तपासणी करायची सरकारी पद्धत आहे आणि 'बांधकाम चालू असलेली गाडी' असा विमाही मिळतो.

भारतात ही सोय नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे गाडी बनवणाऱ्यानं आधी नमुना गाडी ठरावीक संस्थेकडून तपासून घ्यायची असते. हा खर्च आणि खटाटोप कंपन्यांसाठी आखलेला आहे, घरामागच्या शेडसाठी नाही. त्यातल्या त्यात किट कारच्या जवळ जाणारं उदाहरण आपल्या अलिबागजवळचं आहे. चिंकारा मोटर्स ही छोटी कंपनी लोटस सेव्हनच्या घाटणीची, फायबरग्लासच्या अंगाची, १.८ लिटरच्या इसुझू इंजिनाची दोन सीटची रोडस्टर बनवायची.

दुसरं उदाहरण तुम्ही व्हॉट्सअॅपवर नक्की पाहिलंय. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी साधारण ६० हजार रुपयांत, भंगारातले भाग वापरून छोटी जीप बनवली होती. बाईकसारखी किक मारून चालू होणारी. डिसेंबर २०२१मध्ये तिचा व्हिडिओ व्हायरल झाला. आनंद महिंद्रा यांनी कौतुक केलंच, पण सोबत हेही लिहिलं की गाडी नियमात बसत नसल्यानं स्थानिक प्रशासन आज ना उद्या ती थांबवेल, म्हणून तिच्या बदल्यात आपण बोलेरो देऊ. जानेवारी २०२२मध्ये लोहार यांना बोलेरो मिळाली आणि त्यांची जीप कंपनीच्या संग्रहात गेली. त्या व्हिडिओखालच्या कमेंट्समध्ये सगळे कल्पकतेवर बोलत होते. पण अशी गाडी गावाच्या शेडमध्ये जळाली असती किंवा दुसरीकडे नेताना ट्रक उलटला असता, तर भरपाई कुणी आणि कशाच्या आधारे दिली असती? आपला आजचा प्रश्न तोच आहे.

आणि हा प्रश्न फक्त हौशी लोकांचा नाही. इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं 'बाहा एसएई इंडिया' स्पर्धेसाठी बग्गी बनवतात आणि ती मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला टेम्पोत टाकून नेतात. त्या बग्गीलाही नंबर नसतो. जुनी विलीज किंवा महिंद्रा जीप खोलून पुन्हा उभी करणाऱ्यांचीही तीच गत. आणि परळीत तर सगळ्यांच्या ओळखीचा प्रकार म्हणजे ट्रकचं कोरं चेसिस. औष्णिक विद्युत केंद्राची राख वाहणारे बल्कर आणि टिप्पर इथे दिवसभर दिसतात. असा टिप्पर घेताना अनेकदा नुसतं चेसिस घ्यायचं आणि बॉडी बिल्डरकडे नेऊन डाला बसवून घ्यायचा, अशी रीत असते. तीसुद्धा अर्धवट गाडीच, पण कायद्यात तिची जागा वेगळी आहे.

कायद्याच्या लेखी 'गाडी' कधी होते?

मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम २(२८) सांगतं की रस्त्यावर वापरण्याजोगं, यंत्रशक्तीनं चालणारं वाहन म्हणजे मोटार वाहन, आणि *बॉडी न बसवलेलं चेसिससुद्धा* त्यात येतं. म्हणजे शोरूममधून निघालेलं, इंजिनसकट चालू असलेलं, नुसत्या सांगाड्याचं ट्रक-चेसिस ही कायद्याने गाडी आहे. तिला तात्पुरती नोंदणी लागते आणि मोटार विमाही लागतो. कलम ४३ खालची तात्पुरती नोंदणी ठरावीक मुदतीपुरतीच असते आणि बॉडी बसवताना गाडी वर्कशॉपमध्ये अडकली तर मुदतवाढ मागता येते.

याउलट ठोकळ्यांवरची आपली जीप. इंजिन बाजूला, चाकं बाजूला. ती यंत्रशक्तीनं चालणारी नाही आणि रस्त्यावरही नाही. कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विम्याची सक्ती गाडी *सार्वजनिक ठिकाणी वापरताना* असते. शेडमधल्या सांगाड्याला ती लागू होत नाही. म्हणून सक्ती नाही, पण कवचही नाही. आग लागली, चोरी झाली, पाणी शिरलं तर नुकसान तुमचंच.

जाता जाता एक सांगायला हवं. पैसे टाकायच्या आधी, ही गाडी पुढे पास होईल का याची चौकशी आरटीओत करून घ्या. परळीसाठी ते अंबाजोगाईचं कार्यालय, एमएच-४४. जुनं आरसी बुक असलेल्या जीपला मनासारखी नवी बॉडी बसवणं कलम ५२ मध्ये अडकतं. कंपनीनं मुळात दिलेला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, यावर सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये शिक्कामोर्तब केलंय. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१पासून 'व्हिंटेज' नोंदणीची वेगळी वाट आहे, शुल्क २० हजार रुपये. पण गाडी मूळ रूपात असावी लागते, डबवालीची नवी बॉडी त्यात चालणार नाही. पासिंग होणार नसेल तरी मालाचा विमा काढता येतो, तो वेगळा विषय. पण विमा काढला म्हणून गाडी कायदेशीर होत नाही.

शेडमध्ये उभी असताना

इथे दोन शक्यता आहेत आणि त्यांची उत्तरं अगदी वेगळी आहेत.

पहिली, गाडीची मोटार पॉलिसी आधीपासून चालू आहे आणि आता तुम्ही ती रिस्टोअर करायला खोलताय. बरेच जण म्हणतात, गाडी तर चालणारच नाही, मग हप्ता कशाला, आणि पॉलिसी बंद पडू देतात. इथे घाई नको. भारतीय मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे ज्यातली शब्दरचना आजही बहुतेक मोटार पॉलिसींचा पाया आहे त्या पुस्तकात, आयएमटी ११ नावाची तरतूद आहे. गाडी गॅरेजमध्ये सलग किमान दोन महिने न वापरता उभी राहणार असेल तर कंपनीला तसं कळवायचं. त्या काळापुरतं बाकीचं कवच थांबतं, पण आग, स्फोट, वीज, घरफोडी, चोरी, दंगल, वादळ, पूर, भूकंप यांचं कवच चालू राहतं. हप्त्यात सवलतही मिळते. मात्र या काळात थर्ड पार्टी कवचही थांबलेलं असतं. 'चालू होते का बघू' म्हणून पेट्रोल पंपापर्यंत मारलेली एक चक्करही विनाविम्याची असते. शिवाय पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस जातो, तो पुन्हा शून्यापासून कमवावा लागतो. त्यामुळे एजंटला 'ले-अप' हा शब्द सांगा. त्याला माहीत नसेल तर आयएमटी ११ म्हणा.

पण या पॉलिसीत एक बारीक शब्द आहे, जो खोललेल्या गाडीला महागात पडू शकतो. पॉलिसी गाडीला आणि *गाडीवर बसवलेल्या* अॅक्सेसरीजना कवच देते. काढून ठेवलेले दिवे, सीट, म्युझिक सिस्टिम शेडच्या कोपऱ्यातून चोरीला गेले तर 'ते गाडीवर होते कुठे?' असा प्रश्न येणार. तोच वाद टायरवर ठेवलेल्या इंजिनाबद्दलही होऊ शकतो. म्हणून काय काय काढलंय आणि ते कुठे ठेवलंय हे खोलण्याआधी कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर लेखी घ्या.

दुसरी शक्यता म्हणजे आपली परळीची जीप. नंबर नाही, मोटार पॉलिसी नाही. इथे मालमत्तेचा विमा लागतो, तोही दोन तुकड्यांत: एक आग-पूर-वादळाचा, दुसरा चोरीचा.

घराची पॉलिसी आहे ना, शेड घराचंच आहे, मग झालं की! असं वाटणं साहजिक आहे. १ एप्रिल २०२१पासून सगळ्या सामान्य विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' ही एकाच नमुन्याची घर-पॉलिसी देतात आणि तिच्यात घरातल्या सामानाचं कवचही येतं. पण तिच्या न येणाऱ्या गोष्टींच्या यादीत सोनं-नाणं, रोकड, कागदपत्रं यांच्यासोबत *वाहनं* हा शब्द आहे, पॉलिसीत स्पष्ट नोंद केली नसेल तर. सांगाड्याला वाहन म्हणायचं की सुटे भाग, हा वाद आग विझल्यावर घालण्यात अर्थ नाही. आधीच नोंद करून घ्या: जुन्या जीपचं चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी, प्रत्येकाची किंमत, आणि ठेवण्याची जागा.

चोरीचं तर आणखी मजेशीर आहे. भारत गृह रक्षामध्ये चोरी येते, पण आग, पूर अशी विम्यात बसणारी घटना घडल्यावर सात दिवसांच्या आत आणि त्या घटनेमुळे झालेली चोरीच. म्हणजे पुरानं भिंत पडली आणि त्या धांदलीत गिअरबॉक्स गेला, तर चोरी धरणार. एरवी रात्रीत कुणी उचलून नेला, तर नाही.

त्यासाठी वेगळी बर्गलरी पॉलिसी असते. तिच्यातही मेख आहे. बहुतेक बर्गलरी पॉलिसींना बळजबरीनं आत शिरल्याची खूण लागते: तुटलेलं कुलूप, वाकवलेला पत्रा, फोडलेली खिडकी. २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हरचंद राय चंदन लाल खटल्यात हेच सांगितलं की पॉलिसीत बळाचा वापर अशी अट असेल तर नुसती चोरी पुरत नाही. आता आपल्याकडचं शेड डोळ्यासमोर आणा. तीन बाजूंनी पत्रा आणि समोरून उघडं. चोराला तोडायला काही नाहीच! असं शेड असेल तर आधी जाळीचं दार आणि कुलूप लावा, मग पॉलिसीचं बोला. नाहीतर सर्व प्रकारच्या चोरीचं कवच आहे का, हे विचारून जास्तीचा हप्ता भरा.

छपराचाही प्रश्न येतो. अग्निविम्यात बांबू, गवत, प्लास्टिक, ताडपत्री यांचं बांधकाम सहसा कच्चं धरतात आणि त्याला हप्ता वेगळा असतो किंवा नकार मिळतो. पत्रा त्या यादीत नसतो. पण पत्र्याच्या एका बाजूला पावसाळ्यासाठी ताडपत्री ओढली असेल तर ते लपवू नका. मराठवाड्यात पूर येत नाही म्हणून ते कवच नको, असंही म्हणू नका. सप्टेंबर २०२५मध्ये बीड, धाराशिव, लातूरनं काय पाहिलं ते आठवा.

तुमचं स्वतःचं गॅरेज असेल आणि गाडी धंद्याच्या जागेत असेल, तर घरगुती पॉलिसी चालत नाही. तिथे 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेची पॉलिसी आहे. नोंदीचा नियम तिथेही तोच.

गाडी दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये असेल तर?

'गाड्या मालकाच्या जबाबदारीवर' अशी पाटी आपण सगळ्यांनी वाचलीय. पण नुसत्या पाटीनं गॅरेजवाला मोकळा होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम १५१ प्रमाणे ताब्यात घेतलेल्या वस्तूची त्यानं एका सुज्ञ माणसाइतकी काळजी घ्यायलाच हवी. पण तेवढी काळजी त्यानं घेतली असेल, तर कलम १५२ प्रमाणे नुकसान त्याच्या अंगावर येत नाही. शेजारच्या दुकानातली आग पसरून तुमची बॉडी जळाली तर त्याचा दोष काय? त्यामुळे गॅरेजवाल्याचा विमा आहे का आणि त्यात *गिऱ्हाइकांच्या* वस्तू येतात का, हे विचारा. नसेल तर तुमच्या पॉलिसीत जागा म्हणून त्या गॅरेजचा पत्ता टाकून घ्या. परळीच्या शेडची पॉलिसी संभाजीनगरच्या गॅरेजमध्ये उपयोगी पडत नाही.

आणि हो, काम केलेल्या माणसाचा मोबदला दिला नाही तर कलम १७० प्रमाणे तो वस्तू अडवून ठेवू शकतो. ती अडकली म्हणून विमा कंपनी काही देणार नाही.

ट्रकवर चढवल्यावर

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. लोकांना वाटतं, ट्रकचा विमा असतोच की. असतो, पण तो ट्रकचा. ट्रकच्या थर्ड पार्टी पॉलिसीत रस्त्यावरचा माणूस येतो, समोरची गाडी येते. ट्रकमध्ये भरलेला तुमचा माल येत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. मालवाहू गाडीतून आपल्या मालासोबत जाणारा मालक किंवा त्याचा माणूस यांचा कलम १४७ मध्ये खास उल्लेख आहे. अपघातात त्यांना इजा झाली तर ट्रकच्या विम्यातून भरपाई मागता येते. तेव्हा सोबत जायचं तर केबिनमध्ये बसा. मागे जीप धरून उभं राहू नका.

मग ट्रान्सपोर्टवाला भरून देईल? तेही एका मर्यादेपर्यंतच. रस्ते मालवाहतूक कायदा २००७ आणि त्याखालचे २०११चे नियम सांगतात की नोंदणीकृत वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या *दहापट* इतकीच, आणि तीसुद्धा तुम्ही कागदावर जाहीर केलेल्या किमतीहून जास्त नाही. आकडे टाकून बघू. चार लाखांची जीप, भाडं १२ हजार. दहापट म्हणजे १ लाख २० हजार. ट्रक उलटून जीपचा चुरा झाला तर उरलेले २ लाख ८० हजार तुमचे. आणि कागद वाचवायला किंमत ८० हजार लिहिली असेल तर मिळणार ८० हजारच. जादा जोखमीचा दर भरायचं आधी लेखी ठरवलं तर ही मर्यादा वाढवता येते, पण हे विचारतं कोण!

वाहतूकदाराला कोर्टात खेचायचं तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. अपघाताच्या नव्हे, बुकिंगच्या तारखेपासून. आणि हे सगळं कधी, तर हातात बिल्टी असेल तेव्हा. ओळखीच्या टेम्पोवाल्याला 'जाता जाता टाक' म्हणून पाठवलं असेल तर दाखवायला काहीच नाही.

रेल्वेनं सुटे भाग पाठवत असाल तर तिथेही मर्यादा आहे. किंमत जाहीर करून जादा शुल्क भरलं नाही तर साधारण पार्सलला किलोमागे ५० रुपये. दीडशे किलोच्या इंजिनाचे साडेसात हजार होतात. आणि दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो.

म्हणून लागते ती ट्रान्झिट पॉलिसी. विमा कंपन्या तिला मरीन कार्गोच्या खात्यात ठेवतात, परळीला समुद्र नसला तरी. एकाच फेरीसाठी ती काढता येते. तिचे तीन प्रकार आहेत, ए, बी आणि सी. 'ए' म्हणजे वगळलेल्या गोष्टी सोडून सगळी जोखीम. 'बी' म्हणजे ठरावीक घटना: आग, वीज, पूल तुटणं, वाहून नेणाऱ्या गाडीची धडक किंवा तिचं उलटणं. 'सी' म्हणजे फक्त आग आणि वीज. हप्ता सगळ्यात कमी 'सी'चा आणि एजंट घाईत तोच देऊन मोकळा होऊ शकतो. अर्धवट गाडीला सगळ्यात मोठा धोका असतो तो दोरी सुटून सरकण्याचा, खड्ड्यात आदळण्याचा, उतरवताना पडण्याचा. यातलं काहीच 'सी'मध्ये येत नाही आणि 'बी'मध्येही फारसं येत नाही. वापरलेल्या मालाला मात्र कंपन्या 'ए' द्यायला कुरकुर करतात. दिला तरी ओरखडे, पोचे, गंज आणि यंत्रातला बिघाड वगळतात. ते मान्य करा, पण सांगाड्याचं पडणं आणि मोडणं त्यात राहील असं बघा.

आता यातल्या तीन जागा, जिथे क्लेम अडकतात.

कवच सुरू कधी होतं? माल गोदाम सोडतो तेव्हा की ट्रकमध्ये चढवला जातो तेव्हा, हे पॉलिसीच्या शब्दांवर ठरतं. क्रेननं उचलताना पट्टा सुटला आणि चेसिस खाली आलं, तर सगळा खेळ त्या एका ओळीचा. चढवणं-उतरवणं यात धरलंय का, हे थेट विचारा आणि लिहून घ्या.

संपतं कधी? माल ठरलेल्या ठिकाणी पोचला की, किंवा रस्त्यानं नेताना ट्रक त्या गावात पोचल्यापासून सात दिवसांनी, यातलं जे आधी घडेल ते. वाटेत नेहमीचा थांबा चालतो. पण ट्रकवाल्याला 'बीडमध्ये मित्राच्या गोदामात दहा दिवस ठेव, मग पुढे ने' असं तुम्हीच सांगितलं, तर तो नेहमीचा प्रवास राहत नाही.

आणि पॅकिंग. अपुऱ्या पॅकिंगमुळे झालेलं नुकसान 'ए'मध्येसुद्धा वगळलेलं असतं. जीपच्या बाबतीत पॅकिंग म्हणजे काय? चेसिस चार कोपऱ्यांना पट्ट्यांनी बांधणं, चाकांखाली ठोकळे, इंजिन लाकडी चौकटीत, काचा वेगळ्या खोक्यात. टाकीतलं पेट्रोल काढणं, बॅटरीची वायर सोडणं. आणि निघण्यापूर्वी या सगळ्याचे फोटो, तारखेसकट. दोरीनं बांधून वर गादी टाकली, याला सर्व्हेअर पॅकिंग म्हणत नाही.

स्वतःच्या चाकांवर नेली तर?

नेऊ नका. इंजिन बसलंय, ब्रेक लागतायत, दहा किलोमीटरचा तर प्रश्न आहे, असं म्हणून अनेकजण नेतात. पण रस्त्यावर आली की ती गाडी होते. विनानोंदणी चालवल्यास कलम १९२ प्रमाणे पहिल्या वेळी २ ते ५ हजार दंड, विनाविमा चालवल्यास कलम १९६ प्रमाणे २ हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्याहून मोठा धोका म्हणजे कुणाला धडक बसली तर भरपाई तुमच्या खिशातून. दोरी बांधून ओढत नेणं हाही मधला मार्ग नाही. चाकं रस्त्यावर आहेत, तेव्हा वापर झाला की नाही हा वाद कायम राहतो. चारही चाकं ट्रकवर ठेवा.

कोरं चेसिस घेणाऱ्यांनी तर एक निकाल लक्षात ठेवावाच. एका ग्राहकानं २०११मध्ये नवी बोलेरो घेतली, तिचा विमाही काढला. तात्पुरती नोंदणी १९ जुलैला संपली. २८ जुलैला जोधपूरमध्ये गेस्ट हाऊसबाहेर *उभी असलेली* गाडी चोरीला गेली. हप्ता भरलेला, पॉलिसी चालू. तरीही ३० सप्टेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयानं विमा कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. कारण गाडी तिथपर्यंत वैध नोंदणीशिवाय नेली होती आणि हा पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग आहे. नऊ दिवसांचा उशीर! तेव्हा बॉडी बिल्डर 'पुढच्या आठवड्यात देतो' म्हणत राहिला, तर आधी तात्पुरत्या नोंदणीची तारीख बघा आणि मुदतवाढीचा अर्ज करा.

चेसिसवाल्यांसाठी आणखी एक. चेसिसची पॉलिसी चेसिसच्या किमतीवर निघते. त्यावर काही लाखांचा डाला बसला की पॉलिसीत ती किंमत आपोआप वाढत नाही. बॉडी बिल्डरचं बिल देऊन ती नोंदवून घ्यावी लागते.

किंमत किती लावायची?

तयार गाडीची आयडीव्ही कंपनीच्या किमतीवरून निघते. अर्धवट गाडीची अशी किंमत कुठेच नसते. तुमच्याकडे जेवढी बिलं, तेवढी तिची किंमत. आणि इथेच आपल्या लोकांची पंचाईत होते, कारण जुना बाजार, भंगारवाला, ओळखीचा मिस्त्री, सगळा व्यवहार रोखीत. बिल कुणी मागितलं नाही, कुणी दिलं नाही. स्वतःच्या रात्री जागून केलेल्या मेहनतीचे पैसे तर कुणीच धरणार नाही.

त्यावर उपाय आहे, थोडा कंटाळवाणा. लिलावाची पावती, ऑनलाइन पेमेंटची नोंद, बिल नसेल तर विकणाऱ्याची सही-तारीख असलेली साधी पावती, इंजिन आणि चेसिस नंबरचे फोटो, आणि दर महिन्याला गाडीचे चारही बाजूंनी फोटो. रक्कम मोठी असेल तर परवानाधारक सर्व्हेअरकडून किंमत काढून घ्या आणि पॉलिसी घेताना ती कंपनीला मान्य करायला लावा.

हप्ता वाचवायला किंमत कमी लावू नका. चार लाखांच्या मालाचा दोन लाखांचा विमा काढला आणि एक लाखाचं नुकसान झालं, तर बऱ्याच पॉलिसींत एक लाख मिळत नाहीत. विमा अर्धा, म्हणून भरपाईही अर्धी, पन्नास हजार.

नुकसान झालंच तर

माल उतरवून घेताना बिल्टीवर सही करण्याआधी बघा. काही मोडलं, वाकलं, कमी आलं असेल तर ते बिल्टीवरच लिहा आणि मग सही करा. 'माल बरोबर मिळाला' यावर सही गेली की पुढे बोलायला जागा उरत नाही. मोडलेली वस्तू हलवण्याआधी विमा कंपनीला कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत दुरुस्तीला देऊ नका. चोरी असेल तर त्याच दिवशी एफआयआर. वाहतूकदाराला लेखी नोटीस विमा कंपनीकडून पैसे मिळणार असले तरी द्यायचीच, कारण पैसे दिल्यावर कंपनी तुमच्या जागी उभी राहून त्याच्याकडून वसुली करते. तुमच्या आळसानं तिचा तो हक्क बुडाला तर ती तुमचा क्लेम कापू शकते.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. परळीसाठी ते पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात. कंपनीनं नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत मात्र जायला हवं.

एजंटला आता पुन्हा फोन लावायचा असेल तर 'गाडीचा इन्शुरन्स' हे शब्द वापरू नका. 'जुन्या जीपचे सुटे भाग आणि चेसिस, किंमत चार लाख, परळी ते संभाजीनगर ट्रकनं एक फेरी, चढ-उतारासकट ट्रान्झिट कवच हवंय' असं सांगा. तो मग गाडीचा नंबर विचारणार नाही. ट्रकचा विचारेल.